आकारामतात्याची खुर्ची

आमच्या आकारामतात्याचा सगळा जन्म म्हशीमागं गेला. गडमुडशिंगीसनं म्हशी हाकत कोल्हापुरात आणायच्या, दूध कट्ट्यावर उभ्या करायच्या आन् गिऱ्हाईकाच्या डोळ्यादेखत धार काढून फेसाचा गिलास हातात द्यायचा. काकी गेली, म्हशी इकल्या. लेक ललिता जयसिंगपुरास्नं लई बोलवायची, पर जावयाच्या दारात ऱ्हाणार न्हाय म्हणून तात्या वृद्धाश्रमात गेला. तिथनं कट्टा हाकंवर.

पहाट झाली की तात्या गुपचूप कट्ट्यावर. एकदा गटारीत पडून हात मोडून घेतला. तवापासनं मॅनेजर सम्राट त्याला जुन्या लुगड्यानं प्लास्टिकच्या खुर्चीला बांधाय लागला.

"तुमच्याच भल्यासाठी हाय, आजोबा."

"मी काय मारकी म्हैस हाय व्हय रं?"

पर बांधली नुसती कंबर. पाय मोकळंच. एक दिवस तात्या उठला आन् पाठीला खुर्ची घिऊन निघाला कट्ट्यावर.

वाटंत फुलंवाली शालूबाई म्हणाली, "तात्या, बसाय जागा मिळत न्हाय म्हणून घरनंच आणलीसा?"

"कोण देतंय आता जागा, शालू."

कट्ट्यावर एक हवालदार दूध पीत हुता. आधी पोट धरून हसला. मग गाठ बघून गिलास खाली ठेवला. तवर सम्राट धापा टाकत आलाच.

"साहेब, पडत्यात वो हे. परत हाड मोडलं तर लेक मला धरंल."

"आन् बांधलं तर मी धरीन. माणसाला असं अडकवून ठेवणं गुन्हा हाय. भल्यासाठी म्हणलं म्हणून सुटत न्हाईस."

"मग करू काय?"

"संगट चाल की."

तात्या म्हणाला, "ह्याला आधी गिलास द्या रं. घाबरलाय."

तवापासनं सम्राट रोज तात्याचा हात धरून कट्ट्यावर. रोजच्या दुधानं सम्राटचं पोट सुटलं तेवढं. तात्याचं एकच टुमणं, "त्या शेजारच्या खुर्चीला बांधलेल्या धोंडुबाईला बी सोड की."

"ती कट्ट्यावर न्हाय जात तात्या, थेट येष्टी स्टँडावर जाती. बघू पुढं."

गेल्या म्हैन्यात तात्या झोपंतच गेला. राख सावडायच्या दिवशी घाटावर निवद ठेवला, कट्ट्यावरचा गिलास ठेवला. कावळा झाडावर बसून नुसता बघतोय. ललिता रडत म्हणाली, "तात्या, तुमचा फोटो मोठा करून लावती." कावळा न्हाय. जावई म्हणला, "वरसाचं बी नीट घालू." कावळा न्हाय. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघाय लागला.

मागनं सम्राट पुढं आला, हात जोडलं. "तात्या, जातो आन् धोंडुबाईला सोडतो."

कावळा खाली.

समदी वळून सम्राटकडं बघाय लागली. तवर त्यानं गाडीला किक मारली हुती.