दादाच्या गेटपासवर

पोलंडचं काम चालून आलं तेव्हा कागदावर मी दोन वर्षांचा वेल्डर होतो. हातात अकरा वर्षांचं काम होतं. मधली नऊ वर्षं माझ्या सख्ख्या भावाच्या नावावर पडलेली आहेत. ती सोडवून आणायला मी काय काय केलं ते ऐकून कुणी म्हणेल, मूर्ख आहेस लेका. आहेच मी.

आमच्या पनवेलकडच्या गावांत गेटपास माणसाचा नसतो, घराचा असतो. जमिनी प्रकल्पात गेल्या, प्रकल्पग्रस्ताचा दाखला घराला एकच मिळाला, मग कामाच्या पासालाही लोक तसंच धरून बसले. एक आजारी पडला की दुसरा त्याच्या पासवर कामाला जातो. रेशनकार्ड कुणाच्या का नावावर असेना, तांदूळ सगळेच खातात. यात कुणाला पाप वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं.

दादा माझ्याहून दीड वर्षानं मोठा. आयटीआय केलेला. खाडीकडच्या एका केमिकल कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डर म्हणून लागला आणि दुसऱ्याच महिन्यात त्याला कावीळ झाली. ठेकेदाराचा निरोप आला, सोमवारपासून माणूस दिसला नाही तर पास रद्द. मी तेव्हा गावात ग्रिल आणि गेट बनवणाऱ्या एका दुकानात वेल्डिंग करायचो. बाबा म्हणाले, "तू जा चार दिवस. तोंडवला सारकाच हाय, कोन बगतंय?" मी गेलो. वॉचमननं पासवरचा फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, हेल्मेट घाल. झालं! ते चार दिवस नऊ वर्षं चालले.

दादा दोन महिन्यांत बरा झाला, पण तो परत आलाच नाही. विमानतळाच्या भरावावर डंपर चालवायला लागला. त्याला मुळात वेल्डिंगचा कंटाळा. तासन्‌तास एका जागी वाकून बसायचं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं रात्रभर चुरचुरणार, ते त्याला नको होतं. मला मात्र त्या कामाचं वेड लागलं. तिथल्या एका म्हाताऱ्या वेल्डरनं मला आर्गन वेल्डिंग शिकवलं. पाइपाला पाइप जोडताना आतल्या बाजूनं जो पहिला थर बसतो, तो बाहेरून दिसत नाही, पण सगळा खेळ त्याच्यावर असतो. नंतर जॉइंटचा एक्स-रे काढतात आणि आत केसाएवढी फट निघाली तरी सगळं कापून पुन्हा करायला लावतात. माझे जॉइंट फारसे कापले गेले नाहीत, हे मी छाती ठोकून सांगतो. प्रत्येक जॉइंटशेजारी वेल्डरचा नंबर ठोकायचा असतो. तो नंबर दादाचा. फोरमन हाक मारायचा ती दादाच्या नावानं, आणि मी ओ द्यायचो. पुढेपुढे तर घरी आईनं माझ्या नावानं हाक मारली की मला कळायला जरा वेळ लागायचा.

मग बंदराकडच्या एका कंपनीत प्रकल्पग्रस्तांची भरती निघाली. मेंटेनन्स सुपरवायझर, कायम नोकरी. आयटीआय हवा आणि कारखान्यातला अनुभव हवा. घरचा दाखला दादाच्या नावावर, आयटीआय त्याचा, आणि ठेकेदारानं अनुभवाचं पत्र दिलं नऊ वर्षांचं, तेही त्याचंच. दादा लागला. करंजाड्यात फ्लॅट घेतला. एक माणूस दोन ठिकाणी कसा असेल, म्हणून ठेकेदारानं मला माझ्या नावाचा नवा पास करून दिला आणि माझा अनुभव पुन्हा एकपासून सुरू झाला. मी काही बोललो नाही. उलट मीच गावात पेढे वाटले, आणि मनापासून वाटले.

दोन वर्षांनी पोलंड आलं. तिकडच्या जहाजं बांधणाऱ्या यार्डाला पाइप वेल्डर हवे होते. एसटी स्टँडजवळ माडीवर एका एजंटचं ऑफिस आहे, तिथं नाव दिलं. परीक्षा झाली. त्या परीक्षेत पाइप तिरका आणि पक्का बांधलेला असतो, तो फिरत नाही, आपणच त्याच्याभोवती वाकडंतिकडं होऊन फिरायचं. परीक्षा घेणाऱ्यानं माझा जॉइंट हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, "किती वर्षं करताय?" मी म्हणालो, अकरा. तो म्हणाला, "दिसतंय." त्या एका शब्दानं मी दिवसभर हवेत होतो. बायकोनं तर दुसऱ्याच दिवशी थंडीचं जर्किन आणलं. कुठल्या तरी देशात माझं काम माझ्या नावानं ओळखलं जाणार, मला एवढंच हवं होतं. बाकी सगळं नंतर.

घोडं अडलं ते काउंटरवरच्या मुलीपाशी. वर्क परमिट तिकडची कंपनी काढणार होती, पण आपले सगळे कागद पोचल्याशिवाय ती अर्जच करणार नव्हती. आणि कागदांत पाच वर्षांच्या अनुभवाचं पत्र हवंच होतं. "सर, तुमचं तर दोनच वर्षांचं आहे," मुलगी म्हणाली. एजंट आतून म्हणाला, "एवढंच ना? लेटरहेड छापून मिळतं हो पनवेलमध्ये." मी असा भडकलो! म्हटलं, नऊ वर्षं खरं काम केलंय मी, हात भाजून घेतलेत, आणि आता खोटा कागद देऊ? एजंट शांतपणे म्हणाला, "मग खरा आणा. महिनाअखेरपर्यंत."

ठेकेदाराकडे गेलो. तो म्हणाला, "तुझ्या नावानं पत्र द्यायला माझी ना नाय. पन फंड त्याच्या नावानं भरलाय, हजेरी त्याच्या नावानं. उद्या कुनी विचारलं तर मी काय दाखवू? भावाकडनं लिहून आन, की तिथं तो नव्हता, तू होतास." म्हणजे दादानं स्टँपपेपरवर लिहून द्यायचं, की ज्या अनुभवावर त्याला नोकरी मिळाली तो अनुभव त्याचा नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. कारखान्याच्या पायरीवर मी किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक.

रविवारी करंजाड्याला गेलो. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि "बगू" म्हणाला. हा त्याचा जुना शब्द. लहानपणी मी त्याची सायकल मागितली की बगू, आणि मग ती कधीच मिळायची नाही. वयनी आतून बाहेर आली. ती आडपडदा ठेवणारी नाही. म्हणाली, "भावजी, तुमची नऊ वर्सं आमी खाल्ली, कबूल हाय. पन आता ती पोटात गेलीत. ओकून देऊ काय?"

"द्या ओकून!" मी म्हणालो. बाही वर करून तिला हाताचे डाग दाखवले. "हे कुनाच्या नावावर लावायचे, वयनी? हे पन दादाच्याच नावावर लावू?"

दादा खाली बघत होता. मग म्हणाला, "बाला, नोकरी गेली तर ह्या वयात मना कोन घेनार? मना तर धड वेल्डिंग पन येत नाय." हे तो इतकं सरळ बोलला की माझा राग कुठे ठेवावा तेच मला कळेना. चहा न घेताच निघालो. जिना उतरताना मागून त्याचा आवाज आला, "बुधवारी कोर्टाजवल येतो."

मला वाटलं, कसला येतोय! पण आला. कोर्टाबाहेर टायपिंगवाले बसतात, तिथं प्रतिज्ञापत्र तयारच ठेवलं होतं. टायपिंगवाल्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, शेजारचे दोघंतिघंही ऐकत होते. मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर कारखान्यात मी एका महिन्याव्यतिरिक्त काम केलेले नाही, सदर काम माझा धाकटा भाऊ याने माझ्या नावे केले आहे. दादानं कागद घेतला, पेन घेतलं आणि थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू सांग. तू कर बोललास तर करतो."

हे मात्र त्यानं वाईट केलं. त्यानं नाही म्हटलं असतं तर मी जन्मभर त्याला शिव्या घातल्या असत्या आणि सुखानं राहिलो असतो. आपणहून सही केली असती तर पाया पडलो असतो. त्यानं सगळं उचलून माझ्याच डोक्यावर ठेवलं. मला त्याची सायकल आठवली, पेढे आठवले, परीक्षकाचं ते "दिसतंय" आठवलं. मी म्हणालो, "कर."

त्यानं सही केली. नोटरीचा शिक्का बसला. मग दादा म्हणाला, "चल, चहा घेऊ," आणि आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. माझे पैसेही त्यानंच दिले. बस यायला वेळ होता तरी तो थांबला नाही.

ठेकेदारानं प्रतिज्ञापत्र जोडूनच माझ्या नावाचं पत्र दिलं, ते घेऊन मी एजंटकडे गेलो. त्या मुलीनं हात पुढे केला, "ओरिजिनल द्या सर." मी विचारलं, दादाचा हा कागद कुठे कुठे जाणार? ती बोटं मोजत म्हणाली, एक प्रत पोलंडच्या कंपनीकडे, एक व्हिसाच्या फाइलला, आणि पडताळणीसाठी मेल तुमच्या इथल्या कारखान्याला, ते फंडाच्या नोंदीशी ताडून बघतात. कारखाना, फंड, तिथून दादाची कंपनी किती लांब? फंडाचा नंबर तर तोच. मी म्हणालो, "झेरॉक्स काढून आणतो." जिना उतरलो, झेरॉक्सच्या दुकानासमोरून गेलो आणि चालतच राहिलो. त्या आठवड्यात मुलीचे तीनदा फोन आले, ते मी उचलले नाहीत. महिना संपला.

घरी सांगितलं, परमिट झालं नाही. दादालाही तेच सांगितलं. कागद दिलाच नाही, हे त्याला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? खरं सांगतो, रागानं. मी इथंच अडकलो, त्याच ठेकेदाराकडे, त्याच गेटमधून आत, तर त्यालाही थोडं अडकू दे म्हटलं. चार दिवसांनी सांगू. चार दिवसांचं वर्ष झालं. सणाला भेटलो की तो मला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "तो कागद आता कुटं असंल रं?" मी म्हणतो, मना काय माहीत. तो बारीक झालाय. वयनी म्हणते, ह्यांना झोप लागत नाय, डॉक्टर बदलून बघितला. बायकोला कपाटात तो कागद सापडला, तेव्हापासून ती मला रोज म्हणते, "अहो, सांगून टाका, तुमचाच भाऊ आहे." मी ठरवतो, आज सांगायचंच. मग सकाळी गेटवर पास दाखवताना त्यावरचं माझं नाव आणि खालची तारीख दिसते, आणि आतून पुन्हा पेटतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आता माझ्या नावावर तीन वर्षं झालीत. अजून दोन लागतील, आणि तोवर कुणी बोलावेल की नाही देव जाणे.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. त्याच्या ऑफिसात सगळ्यांचे जुने दाखले तपासायला घेतलेत. आवाज इतका बारीक की आधी मला वाटलं, आईला काही झालं. म्हणाला, "बाला, तिकडं दिलेला तो कागद परत मागवता येईल काय? तुझी वलख हाय ना तिथं?"

कागद कपाटात माझ्या शर्टांखाली होता. मी कपाटासमोरच उभा होतो.

मी म्हणालो, "विचारून बघतो."

तो म्हणाला, "थँक्यू रे." त्या नऊ वर्षांत, किंवा त्यानंतरही, त्यानं मला कधी थँक्यू म्हटलं नव्हतं. बायको समोर बसून सगळं ऐकत होती. मी फोन ठेवला आणि तिच्याकडे न बघता कामावर गेलो.