अकरा गोष्टींचा बॅकअप

बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की जीव वाचेल, आवाज जाईल. तिसऱ्या दिवशी बाबा मला म्हणाले, "छोटीसाठी गोष्टी सांगून ठेवतो. कॉम्प्युटरमध्ये भरता येतील ना?" माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती.

विरारच्या आमच्या इमारतीत कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं असा समज होता, आणि तो मीच पसरवला होता. शहाण्या माणसाने गोष्टींची सीडी करून कपाटात ठेवली असती. दहा मिनिटांचं काम. पण मला साधं काही करायचंच नव्हतं. दादा तळमजल्यावर राहायचा. आमच्या तिसऱ्या मजल्यावरून त्याच्या कॉम्प्युटरपर्यंत मी खिडकीबाहेरून केबल सोडली, दोन्हीकडे नेटवर्कच्या सर्व्हिसेस चालू केल्या आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर घातलं. रोज दुपारी चार वाजता नवीन फाइल आपोआप खाली जाणार होती. पासवर्ड नसलेल्या खात्यातून ते चालत नसे, म्हणून बाबांच्या खात्याला पासवर्ड दिला. माइकवर "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" म्हणून एक फाइल केली. ती खाली पोचली. मी छाती फुगवून बाबांना म्हणालो, "आता तुम्ही फक्त बोला. बाकी आपोआप होईल."

मी ऑफिसला गेलो की बाबा दुपारी खुर्ची ओढून बसत. आवाज घोगरा झाला होता, पण होता त्यांचाच. अकरा गोष्टी सांगितल्या त्यांनी. गिरीज गावच्या वाडीत केळी चोरणाऱ्या माकडाची, आत्याच्या हरवलेल्या चपलेची, एक तर स्वतःच्या लग्नाची. ती आईने दाराआडून ऐकली आणि "काहीही सांगतात" म्हणत लाजून आत गेली.

ऑपरेशन झालं. बाबांच्या हातात पाटी आली.

महिन्याभरात एकदा लोडशेडिंगनंतर वीज आली ती झटका देऊनच, आणि कॉम्प्युटर सुरू होईना. मी तो माणिकपूरला एका दुकानात नेला. दुकानदाराने हार्डडिस्क कानाशी धरली. "कटकट वाजतेय. गेली, साहेब." मी निर्धास्त. खरं सांगायचं तर खूशच होतो, आता माझी हुशारी सगळ्यांना दिसणार म्हणून.

दादाकडे जाऊन फोल्डर उघडला. आत एकच फाइल होती. माझं वन टू थ्री.

वर येऊन आईला विचारलं, "बाबांनी कॉम्प्युटरला काही केलं होतं का?"

"काही नाही रे. तुझा तो पासवर्ड तेवढा दुसऱ्याच दिवशी काढून टाकला. म्हणाले, आपल्याच घरात कुलूप कुणासाठी?"

आमच्या घराचं दार दिवसभर उघडं असायचं. बाबांना बंद दार खपत नसे, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या दिवसापासून बॅकअप बंद पडला, आणि बंद पडल्याचं त्या सॉफ्टवेअरने कुणाला सांगितलं नाही. मीही पहिल्या दिवसानंतर एकदासुद्धा तो फोल्डर उघडून पाहिला नव्हता.

बाबांसमोर जाऊन म्हणालो, "गोष्टी गेल्या, बाबा. माझी चूक झाली."

त्यांनी पाटी ओढली. लिहिलं, "तू म्हणालास आपोआप होईल." मग पाटी न पुसता तशीच ठेवून भिंतीकडे तोंड केलं.

आई काही बोलणार होती. मी तिला मानेनेच नको म्हटलं. पासवर्ड काढल्यामुळे हे झालं, ते आम्ही त्यांना कधीच कळू दिलं नाही. ते पुढे दोन वर्षं जगले आणि दोन्ही वर्षं माझ्यावर रागावून राहिले. मला ते फार लागायचं. कधी कधी तर सगळं सांगून मोकळं व्हावं असं वाटे. पण मग ते स्वतःवर रागावले असते, आणि तो राग काढायला त्यांच्याकडे पाटीशिवाय काही नव्हतं.

मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिने विचारलं, "आजोबा कसे बोलायचे?" मी घसा खाकरून नक्कल करून दाखवली. ती हसली.

आई भाजी निवडत होती. म्हणाली, "असे नव्हते बोलत ते."

"मग कसे?" मुलीने विचारलं.

तो आवाज काढायला आईने तोंड उघडलं, मग मिटलं, आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.