सुरी हातात द्यायची नाही

दहाही बोटं कापून घेतलेला माणूस एका घावानं कसा जातो? डॉक्टरला विचारलं, देवाला विचारलं. दादाला जाऊन महिनाही झाला नाही, आणि दुकानात बसलो की मला त्याचे किस्सेच आठवतात. मटणाच्या धंद्यात ते साठतातच. जितके व्रण तितके किस्से!

पेडण्याच्या आमच्या दुकानात आम्ही तिघं. दादा, शाणूमामा आणि मी. बोट कापलं की मामा फेणी काढायचा. अर्धी बोटावर, अर्धी तोंडात.

"मामा, जखम भायर आसा मरे!" दादा म्हणायचा.

"पण दुखता खय? आत!"

*

मामासाठी दादानं लोखंडी जाळीचा हातमोजा आणला. दुसऱ्या दिवशी मामाचा हात उघडाच.

"मोजो खय?"

"बायलेन टोप घासूक घेतल्यान. म्हणता, बोट आपोआप बरा होता, टोप आपोआप साफ होणा नाय!"

*

सुरी एकमेकांच्या हातात द्यायची नाही, लाकडावर ठेवायची. हातात दिली की भांडण होतं. एका शनिवारी घाईत मामानं दादाच्या हातात दिलीच!

"आताच भांडान घेवया," दादा म्हणाला. "फाल्यां आयतवार, गर्दी आसतली."

आणि भांडले की! सोडवायला गिऱ्हाइकं आत धावली!

*

दवाखान्यातली नर्सबाई दादाला बघितलं की सुई काढूनच विचारायची, "आज कुठलं बोट?"

"नवीन शिल्लक नाय ओ बाई. जुनाच रिपीट!"

*

तो एक घाव शुक्रवारी बसला. दादा बकऱ्याच्या फऱ्याचं हाड सोडवत होता, सुरी स्वतःकडे ओढत. ती निसटली आणि मांडीत गेली. मी टॉवेल आवळून बांधला. दारात बकऱ्यांचा टेम्पो उभा होता. बकऱ्या उतरवायलाही थांबलो नाही. दादाला पुढे बसवलं, मामानं टेम्पो म्हापशाच्या हॉस्पिटलकडे काढला.

म्हापशात शिरलो तर बाजार भरलेला! टेम्पो हलेना. मी उडी मारली आणि पुढे धावत ओरडलो, "सरा, सरा! मंत्री येता!"

लोक खरंच सरले! मागे बकऱ्या बें बें करतायत, आणि एका म्हाताऱ्यानं चक्क हात जोडले. दादानं खिडकीतून त्याला उलट नमस्कार केला.

"आरे," तो मला ओरडून म्हणाला, "मंत्र्याक गाडी तरी बरी दी मरे!"

मी आणखी मोठ्यानं "मंत्री येता, मंत्री येता" करत हॉस्पिटलच्या गेटापर्यंत टेम्पोच्या पुढे धावत गेलो.