दौलतसिंहांचा उजवा पाय

ग्वाल्हेरात गाडी चालवणारा प्रत्येक माणूस निर्दोष असतो. उलट्या बाजूनं येणारा म्हणतो, दुभाजकाचा कट पार तिकडे ठेवलाय, मी काय तिथवर वळसा घालत बसू? ई-रिक्षावाला भर रस्त्यात सवारी उतरवतो आणि वर मागच्यावरच डोळे वटारतो. मोटरसायकलवर तिघं, चौथं पोर टाकीवर, आणि हेल्मेट हाताच्या कोपरात, कारण ते डोक्यासाठी नसून पुढच्या चौकातल्या पोलिसासाठी असतं. धडक झाली की मात्र एकजात सगळ्यांना कायदा आठवतो. अशा गावात सव्वीस वर्षं लोकांना गाडी शिकवूनही दौलतसिंह चाबूकस्वारांच्या शिकाऊ गाडीला कधी ओरखडा पडला नव्हता. त्यांच्या शिंदे की छावनी मोहल्ल्यातले लोक हे कौतुकानं पाहुण्यांना सांगत.

चाबूकस्वार हे आडनाव काही उगाच पडलेलं नाही. दौलतसिंहांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत कोवळ्या घोड्यांना चाल शिकवत. शिकाऊ जनावराला भीती कळता कामा नये, एकदा बिचकलं की ते जन्मभर बिचकतं, असं त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. घोडे गेले, फौज गेली, पण ही शिकवण दौलतसिंहांनी तशीच्या तशी माणसांना लावली. बाकीचे मास्तर गाडी बंद पडली की शिष्याच्या सात पिढ्या उद्धरत. दौलतसिंहांचा आवाज कधी चढला नाही. घरातल्या सुनांना आणि कॉलेजच्या मुलींना शिकवायचं तर त्यांच्याकडेच, असं ग्वाल्हेरचा सगळा लष्कर भाग मानत असे.

आता त्यांची हातोटी सांगतो. शिकवण्याच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याचा पाय ब्रेकवर नुसता टेकला की इकडे दौलतसिंहांचा उजवा पाय आपलं काम करी. गाडी अलगद थांबे. "शाबास," ते म्हणत, "बघ, थांबली की नाही?" शिकणारा खूश, मागून हॉर्न वाजवणारे खूश, दौलतसिंह खूश. पाय आपला होता हे ते कुणाला सांगत नसत, कारण सांगितलं की शिकणाऱ्याचा धीर खचतो. पुढे पुढे तर आपण पाय देतो हे त्यांचं त्यांनाही कळेनासं झालं. समोर माणूस आला की पाय जाई, बस.

शिखा त्यांची एकुलती एक मुलगी. वय चोवीस, एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला. तिलाही त्यांनीच शिकवलं, तीन आठवडे, रोज सकाळी. परीक्षेच्या दिवशी तपासणारे साहेब मागे बसले होते, शिखा चालवत होती आणि दौलतसिंह नेहमीसारखे तिच्या शेजारी होते. पोरगी पहिल्या फटक्यात पास झाली. मंदाताईंनी, म्हणजे तिच्या आईनं, गल्लीत पेढे वाटले. घरची छोटी गाडी घेऊन शिखा एकटी कामावर जाऊ लागली आणि नवव्या दिवशी दौलतगंजात तिच्या गाडीखाली माणूस आला.

त्यांचं नाव विश्वासराव. दाना ओली मोहल्ल्यात राहायचे, पोस्टातून निवृत्त झाले होते. सकाळी भाजी घेऊन ते एका उभ्या असलेल्या मालाच्या लोडिंग गाडीच्या मागून रस्त्यात आले. शिखाचा वेग काही फार नव्हता, अंतरही होतं. पण गाडी थांबली नाही. विश्वासराव पडले ते डोक्यावर, आणि दुपारी दवाखान्यातच वारले.

दोष कुणाचा, यावर गल्लीत पंधरा दिवस खल चालला. कुणी म्हणे, लोडिंगवाल्याचा, त्यानं गाडी आडवी घातली. कुणी म्हणे, भाजीवाल्यांचा, फुटपाथ त्यांनीच खाल्ला. कुणी म्हणे, म्हाताऱ्यानं बघून यायला नको? आणि मुलींना गाड्या कशाला हव्यात, हे म्हणणारेही होतेच. त्यातल्या एकाच्या बायकोला दौलतसिंहांनीच शिकवलं होतं. ज्याला त्याला आपला सोडून दुसऱ्याचा दोष अगदी लख्ख दिसत होता. या गावाचं मला कधी कधी हसू येतं, पण त्या दिवसांत आलं नाही.

ठाण्यात शिखा बाकावर बसली होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती. "बाबा, मी ब्रेक लावला होता. रोज लावत होते तसाच लावला. गाडी रुकलीच नाही."

रोज लावत होते तसाच. दौलतसिंहांना तिथल्या तिथे सगळं कळलं. पोरीचा पाय ब्रेकवर टेकला असणार, जेवढा रोज टेकायचा तेवढाच. आठ दिवस रांगत्या रहदारीत तेवढा पाय निभला असणार; एकदम थांबायची वेळ त्या दिवशीच आली. मग ती गाडी थांबायची वाट बघत राहिली असणार. शेजारची जागा रिकामी होती.

त्यांनी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तोंडाला कुलूप बसलं. पोलिसांनी जबानीत ब्रेक फेल असं लिहून घेतलं, जामीन झाला, गाडी तपासणीला गेली. दौलतसिंहांनी मनाशी म्हटलं, कुणी सांगावं, खरंच बिघडलाही असेल. मग हा माणूस रोज पहाटे आंघोळ करून देवासमोर उभा राहायचा आणि आपल्याच गाडीचा ब्रेक नादुरुस्त निघू दे म्हणून हात जोडायचा. सव्वीस वर्षांची अब्रू, गाडीच्या छतावरची पाटी, शिकायला येणाऱ्यांची रीघ, सगळं त्या एका ब्रेकवर टांगलं होतं.

आठव्या दिवशी तपासणीचा कागद आला. ब्रेक उत्तम होता.

तेव्हापासून शिखा खोटारडी ठरली. दवाखान्यात तिच्याशी बोलणं लोकांनी कमी केलं. घरी मंदाताई समजावत, "अगं, घाबरून पाय गॅसवर गेला असेल, होतं असं, कबूल कर." वकील हेमेंद्र, मंदाताईंचा भाचा, तोही म्हणाला, "आत्या, तिला समजाव. ये ब्रेकवाली बात छोड़ दे. कोर्टात हसतील लोक." शिखाचं जेवण सुटलं. ती आतल्या खोलीत खुर्चीच्या कडेला बसायची आणि उजवा पाय फरशीवर दाबून बघायची. पुन्हा उचलायची, पुन्हा दाबायची. मंदाताईंनी दार लोटून घेतलं, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून.

तेराव्याला दौलतसिंह दाना ओलीत गेले. विश्वासरावांचा मुलगा सुश्रुत याच्यासमोर मान खाली घालून बसले. सुश्रुत शांत माणूस. त्यानं पाणी दिलं आणि म्हणाला, "काका, अपघात कुणाच्याही हातून होतो. तुमच्या मुलीवर आमचा राग नाही. पण ती खोटं का बोलते? माझे बाबा गेले, आणि ती म्हणते गाडीच खराब होती. आईला त्याचंच जास्त लागलंय. एकदा येऊन खरं सांगितलं असतं तर आम्ही काय तिला खाऊन टाकलं असतं?"

ती खोटं बोलत नाही, एवढं एक वाक्य दौलतसिंहांच्या जिभेवर आलं होतं. पाणी पिऊन ते उठले आणि घरी आले. मला त्या माणसाचा राग येतो तो इथे. अपघाताचा नाही येत तितका.

त्याच संध्याकाळी शिखा त्यांच्याजवळ येऊन बसली. "बाबा, मी हेमेंद्रदादाला सांगितलंय, लिहून देते मी झूठ बोलले म्हणून. सगळ्यांना तेच हवंय तर तेच घ्या. पण तुम्ही तरी मानता ना, मी ब्रेक लावला होता?"

"मानतो, बेटा," दौलतसिंह म्हणाले.

"बस, मग ठीक आहे," ती म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी अर्धी पोळी खाल्ली. त्या अर्ध्या पोळीनं दौलतसिंहांना जगणं नकोसं केलं. तीन दिवस ते शिष्यांना घेऊन मेळ्याच्या मैदानावर नुसते गोल गोल फिरले. पाय ब्रेकवरून काढावा म्हटलं तर निघेना, ठेवावा तर भाजल्यासारखा होई. चौथ्या दिवशी शिकवणं बंद केलं आणि सकाळीच ठाणं गाठलं. पोरीला सांगण्यापेक्षा परक्याला सांगणं त्यांना सोपं वाटलं.

ठाणेदारानं सगळं ऐकून घेतलं. सव्वीस वर्षांचा पाय, शाबास, परीक्षेचा दिवस, सगळं. मग खुर्ची मागे सारून म्हणाला, "दादा, आप बाप हैं. आपकी जगह मैं होता तो मैं भी यही कहता."

"साहब, मैं सच कह रहा हूँ. मेरा नाम लिखिए."

"कहाँ लिखूँ? गाड़ी में आप थे ही नहीं. गाड़ी ठीक, सड़क ठीक, लाइसेंस ठीक. सिखाने वाले का इसमें कोई खाना ही नहीं है." त्यानं कागद उलटून दाखवला. कागदावर खरंच तशी जागा नव्हती. "घर जाइए. बच्ची को सँभालिए."

दौलतसिंह चालत घरी आले. दोष घ्या म्हणून दारोदार फिरावं आणि कुणी घेऊ नये, अशी त्यांची गत झाली होती. मंदाताईंना हाक मारून त्यांनी बसवलं, शिखाला समोर बसवलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही न लपवता बोलले. "तू ब्रेक लावला होतास, शिखा. पण तेवढ्यानं गाडी थांबत नाही. कधीच थांबत नव्हती. थांबवायचो मी. तुझ्या पायाबरोबर मी माझ्या ब्रेकवर पाय देत होतो आणि तुला शाबास म्हणत होतो."

मंदाताईंनी तोंडाला पदर लावला. शिखानं मात्र सरळ विचारलं,

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"ठाण्यात तू बोललीस, तेव्हाच कळलं."

"म्हणजे रिपोर्ट आला तेव्हा माहीत होतं. आई मला समजावत होती तेव्हाही." तिचा आवाज चढला नाही. "बाबा, एक दिवस सांगा. कुठलाही एक दिवस, ज्या दिवशी गाडी मी स्वतः थांबवली."

दौलतसिंह शोधू लागले. फूलबागेचा चौक, पडावचा पूल, स्टेशनचा रस्ता, मेळ्याचं मैदान. एकवीस सकाळी त्यांनी एक एक करून आठवल्या. एखादी तरी तिला द्यावी म्हणून जीव तुटत होता. खोटं सांगता आलं असतं, आणि ते त्यांना चांगलं जमतही होतं.

"परीक्षेच्या दिवशी?" शिखानं विचारलं.

"नाही."

"म्हणजे गाडी ठीक होती," ती हळू म्हणाली. "मला वाटत होतं गाडी रुकली नाही. मीच नाही थांबवली."

"चूक माझी आहे, बेटा. तुझी नाही. तुला शिकवलंच नाही मी."

"पण ते काका तर माझ्याच गाडीखाली आले ना."

दौलतसिंहांना वाटलं होतं, सांगून टाकलं की पोरीच्या डोक्यावरचं ओझं आपल्या डोक्यावर येईल. ओझं हललं नव्हतं. उलट, गाडीला दोष देऊन ती उभी होती, तो आधारही त्यांनीच काढून घेतला होता.

शिखा उठली. तोंड धुतलं, ओढणी घेतली. मंदाताई घाबरून म्हणाल्या, "कुठे निघालीस?"

"दाना ओलीत. सुश्रुतदादाला आणि काकूंना सांगून येते, ब्रेक ठीक होता."

"थांब, मी येतो बरोबर," दौलतसिंह धडपडत उठले. "मी सांगतो त्यांना सगळं, माझं काय ते. तू एकटी कशी जाशील?"

"तुमचं तुम्ही नंतर सांगा. आत्ता येऊ नका, बाबा." ती दारात चपला घालत होती. "तुम्ही शेजारी असलात की मला कळत नाही, माझं मी काय केलं ते."

ती पायऱ्या उतरून रस्त्याला लागली. दौलतसिंह दारात उभे राहिले आणि कोपऱ्यावर ती दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी तिला हाक मारली नाही.