शून्य धरणारा मामा

तो शाळेत शिपाई होता. घंटा द्यायची, पाणी भरायचं, फळे पुसायचे. पण वर्षातून एक दिवस तो भूगोलाचा माणूस व्हायचा. त्या दिवशी वरच्या वर्गातली मुलं किनारा मोजायला यायची आणि टेपचं पहिलं टोक त्याच्या हातात असायचं. टोक जागेवर टेकलं की तो ‘शून्य’ म्हणून हाक द्यायचा. मुलांनी त्याला शून्यमामा केलं. त्याला ते आवडायचं. म्हणायचा, तुमचे सगळे आकडे माझ्यापासून सुरू होतात.

मी गवंडी. बावीस वर्षांपूर्वी भूगोलाच्या बाईंनी मला एक लोखंडी कडी बसवून मागितली. हलणार नाही अशी जागा हवी होती. होड्यांच्या शेडची मागची भिंत दगडी, पाया खडकात. तिथं वीतभर भोक पाडून मी शिसं ओतलं. दोन दिवस गेले. त्या कडीपासून भरतीच्या रेघेपर्यंतचं अंतर बाई दरवर्षी मुलांकडून मोजून घेत, त्याच महिन्यात, मोठ्या भरतीनंतरच्या ओहोटीला. मग तांबडे-पांढरे दांडे रोवून वाळूचा उतार. दुसऱ्या दिवशी शेतातल्या विहिरी, पाणी किती खारट झालं ते बघायला. सगळं एका जाड वहीत, शाईनं.

बाईंचा एक नियम होता. वहीत खोडरबर नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला चुकणाऱ्याची सही.

बावीस वर्षांत मामाची सही त्या वहीत एकदाही नव्हती. टेप धरणं सोपं काम वाटतं. नाही. चाळीस मीटर टेप वाऱ्यात ताणून धरली की मनगट भरून येतं. मुलं कंटाळून सैल सोडायची. मामा शेडमागून ओरडायचा, “टेपला पोट सुटलंय, ओढा.” मुलं हसायची, पण ओढायची.

मागच्या वर्षी तालुक्याच्या कार्यालयानं ठरवलं की अंतर चाळीस मीटरच्या आत आलं की किनाऱ्यालगतची खालची आळी रिकामी करायची. पुरावा म्हणून बाईंचीच वही धरणार होते. आळीत अकरा घरं. मामाचं शेवटून दुसरं. घरात तो आणि त्याची आई. म्हातारीची नजर गेलेली. पण त्या घरात ती भिंतीला हात लावत चुलीपासून दारापर्यंत कुणाला न विचारता जायची. पाणी स्वतः घ्यायची. दुसऱ्या घरात तिला हे जमणार नाही, हे मामाला माहीत होतं.

त्या वर्षीचं मोजमाप होतं तेव्हा मी शेडमागं सावलीला बसलो होतो. मामानं मला पाहिलं नाही. कडी शेडच्या आडोशाला, पुढच्या मुलांना ती दिसत नाही. मामा कडीपाशी आला, थांबला. मग भिंतीच्या कडेनं दोन पावलं मागं, समुद्रापासून लांब सरकला. टोक तिथं धरलं आणि ‘शून्य’ म्हणाला. आवाज नेहमीचाच.

पुढून आकडा आला. चाळीस मीटर, सत्तर सेंटीमीटर. बाईंनी लिहिला. आळीतल्या बायका दारात उभ्या होत्या, त्यांचे चेहरे सैल झाले.

मी तिथं काही बोललो नाही. मुलांसमोर त्याची लाज काढायची नव्हती. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. म्हातारी दारात बसून धान्य निवडत होती, बोटांनी खडे शोधत. एकही सुटत नव्हता. आम्ही मागं गेलो.

मी म्हटलं, “कडी मी बसवलीय. तिला पाय नाहीत.”

तो सांगू लागला. आदल्या दिवशीच पावलांनी मोजून आला होता. चाळीस भरत नव्हते. आईला हे घर हातानं पाठ आहे. ब्याऐंशीव्या वर्षी तिला दुसरं घर कोण शिकवणार? एक वर्ष निघालं असतं तरी पुरे होतं.

“आणि पुढच्या वर्षी?” मी विचारलं.

“पुढच्या वर्षी तीन पावलं,” तो म्हणाला. स्वतःचंच ऐकून त्यानं समुद्राकडं पाहिलं.

दोन पावलांनी समुद्र दोन पावलं लांब जात नाही, हे त्याला माझ्याआधी कळत होतं. आळीतल्या शेवटच्या घरात दोन तान्ही पोरं होती, तेही कळत होतं.

सकाळी ओहोटीला तो टेप घेऊन बाईंच्या दारात उभा. बाई हातातला चहा तसाच ठेवून आल्या. मुलांनाही बोलावलं. भरतीच्या रेघेवर आदल्या दिवशी ठोकलेली खुंटी होती तशीच होती. मामानं कडीत बोट अडकवून टोक धरलं. एकोणचाळीस मीटर, वीस.

बाईंनी वही त्याच्या पुढं केली. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मामा, रेघ तुम्ही मारा.” त्यानं जुन्या आकड्यावर रेघ मारली, सही केली आणि बाजूला लिहिलं, ‘शून्य मी चुकीचं धरलं.’ एका मुलीनं विचारलं, मामा, का? त्यानं तिला आपलं घर दाखवलं.

आळीतले लोक महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. त्यांचंही काय चुकलं?

चार महिन्यांनी आळीतल्यांना गावाच्या वरच्या बाजूला खोल्या मिळाल्या. मामानं जुन्या घराची चौकट खांद्यावर वर नेली. चुलीची जागा, मोरी, खाट, सगळं जुन्याच बाजूला मांडलं. भिंत एका जागी दोन हात जास्त लांब होती, तिथं मी विटांचा खांब उभा करून दिला, म्हातारीच्या हाताला कोपरा लागावा म्हणून. पहिले काही दिवस ती धडपडली, मामाला शिव्या दिल्या. दुसऱ्या महिन्यात पाणी स्वतः घेऊ लागली. आजही म्हणते, दार चुकीच्या बाजूला आहे. खरंच आहे, ते काही आम्हाला हलवता आलं नाही.

यंदा मोजमापाला बाईंनी टेपचं टोक पुन्हा त्याच्याच हातात दिलं. त्यानं घेतलं आणि म्हणाला, “बाई, माझ्याजवळ एक पोरगी उभी करा. कडीकडे बघायला.”

बाई म्हणाल्या, त्याची गरज नाही.

“आहे,” तो म्हणाला, आणि पोरगी येईपर्यंत त्यानं हाक दिली नाही.