खडूकाकांचं गॅरेज

खडूकाकांच्या सगळ्या शर्टांचे खिसे पांढरे असत. शर्ट कुठल्याही रंगाचा असो, डाव्या खिशाच्या तळाशी खडूची भुकटी कायमची मुक्कामाला. काकूंनी भिजवून, घासून, साबण बदलून पाहिलं आणि शेवटी नाद सोडला. काका मास्तर नव्हते. मानपाड्याच्या बाजूला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नवीन मशीन कुठे बसवायचं, हे ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तिथली सवय घरी आली. कुठलीही वस्तू आणायची, तर आधी ती खऱ्या मापात जमिनीवर खडूने काढायची, आणि मग तिच्यासमोर माणूस उभा करून बघायचं.

मी लग्न होऊन डोंबिवलीच्या त्या बिल्डिंगमध्ये आले, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात खडूचा एक फ्रिज होता. खरा पुढच्या आठवड्यात यायचा होता. शेजारच्या काकांनी मला त्याच्यासमोर उभं केलं. "इथे उभी राहा दोन मिनिटं. आता दार उघड." मी नव्या नवरीच्या लाजेने हवेतलं दार उघडलं. "हातात पातेलं आहे असं समज. आता मागे सर." मी मागे सरले आणि ओट्यावर आपटले. काकांनी समाधानाने मान डोलावली, पायाने रेघा पुसल्या आणि फ्रिज दुसऱ्या भिंतीला काढला. जाताना म्हणाले, "वस्तू बंद असताना केवढी, ते दुकानदार सांगतो. उघडल्यावर केवढी, ते घरात कळतं." तो फ्रिज शेवटपर्यंत त्याच जागी राहिला. पुढे सोफा घेताना माझ्या नवऱ्याने त्यांना न विचारता घेतला. त्यानंतर आम्ही सगळे गॅलरीत आडवे होऊन जात असू. काका दर वेळी त्या सोफ्याकडे बघत आणि सभ्यपणे काही बोलत नसत.

आमच्या घराच्या बरोबर खाली त्यांचं बंद गॅरेज होतं, शटरचं. रिटायर झाल्यावर त्यांनी गाडी विकली आणि तिथे वर्कशॉप करायचं ठरवलं. लाकूडकाम करायचं, पाट आणि चौरंग बनवायचे, लोकांची मोडकी स्टुलं जोडायची, एवढंच. दुसऱ्या कोणी एक टेबल टाकून कामाला सुरुवात केली असती. काका वर्षभर नुसते रेघा ओढत होते. कामाचं टेबल उजेडाकडे की भिंतीकडे, लांब फळी करवतताना तिचं दुसरं टोक कुठे जाणार, रंधा मारताना कोपर कशाला लागणार. "आधी वाट ठरवायची, मग सामान," हा त्यांचा मंत्र. माणूस कुठून कुठे चालणार ते आधी काढायचं, उरलेल्या जागेत वस्तूंनी मुकाट्याने बसायचं.

या सगळ्यात उभं राहण्याचं काम काकूंकडे होतं. काका खालून हाक मारत, "अगं, जरा ये, इथे उभी राहा दोन मिनिटं." ती दोन मिनिटं म्हणजे कुकरच्या दोन शिट्ट्या तरी असत. काकू वरून उतरत, हात पदराला पुसत, सांगितलेल्या चौकोनात उभ्या राहत, हात पुढे करत, वळत, वाकत. परत वर जाईपर्यंत काहीतरी करपलेलं असे. "ह्यांच्या वर्कशॉपात अजून एक खिळा ठोकलेला नाही," त्या सांगत, "पण सगळं सामान भिंती बदलून दमलंय." दिवाळीत शटरसमोर त्या रांगोळी काढत आणि बजावत, "ही माझी आहे. हिच्यावर कशाचं टेबल येणार नाही."

मग एके दिवशी काका शटरच्या चौकटीवर आपटले. थोड्याच दिवसांनी पुन्हा. आम्ही हसलो. सगळ्यांना वाटा आखून देणारा माणूस स्वतःच्याच दारात धडपडतो, याची गंमत वाटली. ठाण्याला मुलाकडे गेले तेव्हा मुलाने, सलीलने, त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू होता, आणि बराच पुढे गेलेला. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली थेंब घालून जितकी टिकेल तितकी. काकांनी ते मला जिन्यात सांगितलं, पाणी किती वाजता येणार हे सांगावं तशा आवाजात. "समोरचं दिसतंय अजून, शुभा. बाजूचं गेलं. नळीतून बघितल्यासारखं होतं." मग म्हणाले, "एक बरं झालं, टेबल अजून ठोकलं नव्हतं. आता सगळं नव्याने मांडायला हवं."

त्यांनी खरंच सगळं नव्याने मांडलं, पुन्हा काकूंना जागोजागी उभं करून. गॅरेज आता डोळ्यांसाठी नव्हतं, हातांसाठी होतं. टेबल भिंतीला पक्कं ठोकलं आणि त्याच्या पुढच्या कडेला ठरावीक अंतरावर खाचा पाडल्या. बोट कडेवरून सरकवत नेलं की खाच लागे, आणि प्रत्येक खाचेच्या बरोबर वर, हात लांबवला की पोहोचेल इतक्या उंचीवर, एकेक हत्यार. हत्यारं लहान-मोठी अशी लावलेली नव्हती. ज्या क्रमाने कामात लागतात त्या क्रमाने होती: आधी काटकोन तपासायचा गुण्या, मग करवत, मग रंधा, मग लाकूड कोरायची पटाशी आणि तिच्या शेजारी लाकडी हातोडा. पटाश्या धार खाली, मूठ वर, लाकडाच्या खोबणीत. जमिनीवर काहीही नाही. बिल्डिंगची मांजर जुन्या सवयीने आत येऊन झोपायची, तिलासुद्धा टेबलाखाली खोकं देऊन जागा ठरवून दिली. उरलेल्या नजरेत काका रोज डोळे मिटून काम करायची सवय करत होते. वर माझ्या स्वयंपाकघरात रंध्याचा आवाज यायचा, मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. तो थांबला की माझाही हात थांबायचा. मला त्या माणसाचा फार लळा होता, तो मला त्या आवाजाने कळला.

सलीलला हे मुळीच पटलं नव्हतं. त्याचंही चुकत नव्हतं. त्याला वाटे, दोघांनी ठाण्याला यावं, गॅरेज विकून टाकावं. "बाबा, धारेची हत्यारं आहेत ती. तुम्हाला काय झालं तर मी ठाण्याहून कधी पोहोचणार?" शेवटी दोघांत ठरलं. जोपर्यंत जखम होत नाही तोपर्यंत काम चालू. एकदा जरी लागलं, तर शटरची चावी सलीलकडे. काकांनी शब्द दिला, आणि काका शब्द देत तो पाळायला. म्हणून त्या गॅरेजमध्ये काका जितके जपून वागत, तितकं जपून वागणारा माणूस मी रस्ता ओलांडतानाही पाहिलेला नाही. पाट तयार होऊ लागले. बिल्डिंगमध्ये घरटी एक पाट झाला. आमचा पाट सासूबाईंनी देवापुढे ठेवला आणि त्यावर कोणाला बसू दिलं नाही.

दुसऱ्या वर्षी नवरात्रापर्यंत काकांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. काकांची पद्धत वेगळी होती. हत्यारं खाली काढून पाटावर मांडायची नाहीत. "ती त्यांच्या जागी असतात, आपण तिथे जायचं," असं म्हणून ते भिंतीपाशी जाऊन एकेकाला कुंकू लावत. पूजेच्या आदल्या दिवशी सलील त्यांना तपासणीला ठाण्याला घेऊन गेला होता, रात्री ते तिथेच राहणार होते, शटरची चावी काकूंकडे होती. काकूंच्या मनात आलं, ह्यांना धूळ दिसत नाही, आपण गॅरेज आवरून ठेवू. माझ्या सासूबाई मदतीला गेल्या, आणखी दोघी आल्या. चार गृहिणींनी मिळून जे करायचं ते मनापासून केलं. जाळ्या काढल्या, टेबल धुतलं, हत्यारं तेलाने पुसली. मग स्वयंपाकघरातले डबे लावावे तशी सगळी हत्यारं मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत लावली. पटाश्या एका स्वच्छ डब्यात उभ्या केल्या, आपण चमचे ठेवतो तशा, धार वर, आणि तो डबा हातोड्याच्या जागी अडकवला. डबा छान दिसत होता. शटरला झेंडूचं तोरण लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलीलबरोबर काका आले. काकू, सासूबाई, मी, सगळ्या शटरपाशी उभ्या होतो, त्यांचा आनंद बघायला. झेंडूचा वास आला तसे ते हसले. "तोरण लावलंत वाटतं." काकूंनी चावी त्यांच्या खिशात टाकली आणि कुंकवाची कोयरी हातात दिली. त्यांनी अंगठा बुडवला, डाव्या हाताचं बोट टेबलाच्या कडेवरून सरकवत नेलं, पहिलं कुंकू हातोड्याला म्हणून त्याच्या खाचेपाशी थांबले आणि अंगठा वर नेला. तिथे हातोडा नव्हता, पटाश्यांचा तो डबा होता. काकांनी हात मागे घेतला आणि तसेच उभे राहिले. अंगठा लालच होता, त्यामुळे कोणाच्या काही लक्षात आलं नाही. धुतलेल्या टेबलावर थेंब पडायला लागले तेव्हा कळलं.

"कोणी आवरलं?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"मी," काकू म्हणाल्या.

सलीलने रुमाल गुंडाळला. त्याचा चेहरा उतरला होता. "बस झालं आता, बाबा. मी बोललेलो ना तुम्हाला. आपलं काय ठरलेलं?" काकांनी खिशातून चावी काढली. खडूची भुकटी लागलेली चावी. त्यांनी ती सलीलच्या आवाजाच्या दिशेने पुढे केली. मला वाटलं, संपलं.

ती चावी काकूंनी घेतली.

"आई, प्लीज," सलील म्हणाला.

"ठरलं होतं ते त्यांची चूक झाली तर," काकू म्हणाल्या. "ही चूक माझी आहे. उद्या तू माझ्या ओट्यावर येऊन मीठ, तेल, सांडशी सगळं सुंदर लावून ठेव, आणि मला डोळे मिटून फोडणी करायला सांग. मीही भाजेन. मग माझं स्वयंपाकघर विकशील?" आयुष्यभर त्या नवऱ्याच्या रेघांची थट्टा करत आल्या होत्या, आणि आत्ता पदराने टेबलावरचं रक्त पुसत रडत होत्या. सलील त्या डब्यापाशी गेला. मग त्याने एकेक पटाशी काढून धार खाली करून ठेवली.

दुपारी सगळं पुन्हा लावायचं होतं. काका स्टुलावर बसले, अंगठ्याला बँडेज, कुठलं काय कुठे ते सांगायला. पण त्यांना सांगावं लागलं नाही. काकू टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या, थोड्या डावीकडे सरकल्या, डोळे मिटले आणि हात पुढे केला. "करवत इथे. इथे मला उभं केलंत तेव्हा भात करपला होता." मग एक पाऊल पुढे. "रंधा इथे. तेव्हा दूध उतू गेलं होतं. आणि हातोडा इथे, हो ना? तेव्हा तुमच्या बहिणीचा फोन वाजून वाजून बंद पडला, आणि ती अजून बोलत नाही माझ्याशी." प्रत्येक जागा त्यांना वर झालेल्या नुकसानासकट पाठ होती. काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गुण्या एक बोट वर घे. तुझी उंची तेव्हा जास्त होती." त्यावर सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना जिन्यात बसावं लागलं.

चावी काकूंच्या कमरेला गेली आणि तिथेच राहिली. काका पुढे कित्येक पाट करत राहिले, पूर्ण अंधारात. त्यांना पुन्हा कधी लागलं नाही.

मग आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. नव्या नकाशात गॅरेज नव्हतं, एकावर एक गाड्या ठेवायचं यंत्र होतं. त्या कागदावर सह्या होताना काका म्हणाले, "वाट कुठे काढलीय माणसाला?" बिल्डरच्या माणसाला कळलं नाही. आम्ही शिळफाट्याकडे भाड्याच्या घरात गेलो, ते दोघं ठाण्याला सलीलकडे. निघायच्या दिवशी काकांनी टेबलाच्या कडेवरून एकदा शेवटचं बोट फिरवलं. हत्यारं पेटीत भरली ती त्याच क्रमाने. टेबल पक्कं ठोकलेलं होतं, ते तिथेच राहिलं. मी त्यांना वाकून नमस्कार केला तेव्हा म्हणाले, "सोफा या घरात तरी नीट बसव." मला रडू आलं.

परवा त्यांना भेटायला ठाण्याला गेले होते. घर मोठं, उंचावर, सगळं गुळगुळीत. मला वाटलं होतं काका खुर्चीत बसून असतील, आणि ते बघायची मला भीती वाटत होती. सलीलने दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि बंद केलेल्या गॅलरीकडे खूण केली.

तिथे फरशीवर खडूच्या रेघा होत्या. काकांच्या रेघा फूटपट्टीसारख्या सरळ असत, या वाकड्यातिकड्या होत्या, कोपरे रांगोळीच्या वळणाचे. गुडघे दुखतात म्हणून काकू चक्क खाली बसून, पुढे सरकत सरकत त्या ओढत होत्या. दोन्ही हात, कपाळ, पदर, सगळीकडे खडू. एक मोठा चौकोन पुरा झाला तशा त्या कठड्याला धरून उठल्या, काकांना दंडाला धरून आत आणलं आणि चौकोनासमोर उभं केलं.

"इथे उभे राहा दोन मिनिटं," त्या म्हणाल्या. "आता हात पुढे करा."

काकांनी हात पुढे केला. हवेत थोडा वेळ चाचपडला, मग एका जागी थांबवला.

"टेबल अलीकडे घे जरा," ते म्हणाले.

काकू पुन्हा खाली बसल्या आणि पदराने रेघ पुसायला लागल्या.