बोरीखालचा पाचवा

काही प्रकरणं निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाहीत. हे त्यांपैकी एक.

मोर्शीकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. अकोल्याच्या भंगारबाजारातून खबऱ्याचा फोन आला, "साहेब, तुमच्याकडचा एक शेतकरी अॅल्युमिनियमचे जाड पत्रे विकाले आणून राहिला." त्या दिवसांत विजेच्या तारांच्या चोऱ्या चालू होत्या. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि माणूस चौकशीला आणला.

पन्नाशीचा, संत्र्याचा बागायतदार. तीन तासांत एकच उत्तर. "चोरी नाई केली, साहेब."

"मग माल आणला कुठून?"

"ते नाई सांगू शकत. मायची आन हाय."

दुपारी त्याची म्हातारी आई स्वतःच ठाण्यात आली. मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. कप तसाच ठेवून ती म्हणाली, "पोराले सोडा. इहीर खंदताना निंगालं थे. इंग्रजाच्या राज्यात, मोठ्या लढाईच्या टायमाले आमच्या वावरात इमान पडलं होतं. मी धा वर्साची होती. चार गोरे जागीच मेले. पाचवा जित्ता होता. बापानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पानी पाजलं. दिवस बुडता थोही गेला. इमानाचे तुकडे अन् चौघायले एका जागी गाडलं, त्याले बोरीखाली."

"कुणाला कळवलं नाही?"

"शिपाई इचाराले आलते. बाप म्हने, आमी काई पायलं नाई. कबूल केलं असतं तं तुमीच म्हनले असते, गोऱ्यायले यानंच मारलं."

दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष खोदलं. विमानाचं इंजिन आणि चौघांची हाडं निघाली. पाचवा बोरीच्या बुंध्याशी होता, गळ्याशी नंबर कोरलेली चकती. अकस्मात मृत्यूची नोंद करून कागद वर पाठवले. मुलाला त्याच संध्याकाळी घरी जाऊ दिलं.

चकतीवरच्या नंबरावरून ओळख पटली आणि वर्षभरानं त्यांच्या देशाच्या वकिलातीमार्फत पत्र आलं. पाचव्याची बहीण हयात होती. भाऊ बेपत्ता, एवढंच तिला आयुष्यभर माहीत होतं. तिनं विचारलं होतं, शेवटी त्याच्याजवळ कुणी होतं का?

मी म्हातारीचा जबाब जसाच्या तसा भाषांतर करून पाठवला.

त्या घरानं कुणाचं काही वाईट केलं नव्हतं. तरी खाकीच्या धाकानं खरं बोलायला साठ वर्षं लागली, आणि तेवढी वर्षं परमुलखात एक बाई वाट पाहत राहिली. त्यानंतर समोरचा माणूस गप्प बसला की मी आवाज चढवणं सोडलं. त्याला आधी एकच विचारायचो, "बाबा, तुले भेव कायचं हाय?"